सोफ्याखालची खडखड

८ सप्टेंबर १९९७, बेलवली

आजपासून लिहायला बसलोय. कुणाशी बोलायला जावं तर लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि माझं डोकं फिरतं. हल्ली कुणाला धड बोलायलाच नको. वहीपाशी निदान तो त्रास नाही.

अंबरनाथच्या कंपनीला टाळं लागून चौदा महिने झाले. चोवीस वर्षं मी तिथे मोठे ब्लोअर बॅलन्स करायच्या खात्यात काढली, त्यातली शेवटची तेरा फोरमन म्हणून. पंखा फिरताना केसभर जरी थरथरला तरी मधुकर गुप्ते तो पास करत नसे. सगळी हयात थरथर मारण्यात गेली आणि आता चौपन्नाव्या वर्षी थरथर पैदा करायचं काम घेतलंय. हसायचं त्याने हसून घ्यावं.

काम उल्हासनगरच्या तोलाराम शेटचं. फर्निचरचं दुकान आहे त्याचं, कॅम्प तीनला. घरामागे नवा हॉल बांधलाय, मोठा पडदा, पाच-सहा स्पीकर, होम थिएटर म्हणे. दुबईला मेव्हण्याकडे त्याने असा सोफा पाहिला की पडद्यावर विमान उडालं की बूड हादरतं. तसे सहा सोफे त्याला दिवाळीच्या आत पाहिजेत. म्हणाला, "गुप्ते साईं, पिक्चर में बम फटे तो नीचे से लगना मांगता." सहाच्या सहा पास झाले तर दुकानातल्या प्रत्येक भारी सेटखाली आमचं यंत्र बसेल. आमचं म्हणजे माझं आणि किसन रोकडेचं. किसन बारा वर्षं माझ्या हाताखाली फिटर होता. कंपनी गेल्यापासून भाड्याची रिक्षा चालवतोय. असा हात मातीत चाललाय बघून मला संताप येतो. हे काम जमलं तर दोघांचंही बस्तान बसेल, नाही तर त्याला रिक्षा आहेच आणि मला बायकोचे, पद्मजाचे टोमणे.

१४ सप्टेंबर

जमलं. चोर बाजारात न जाता, भंगारातल्या आठ इंची स्पीकरवर जमलं. कागदी कोन कापून टाकला, कॉइलवर अर्धा किलोचं लोखंडी वजन बसवलं, स्प्रिंगपत्तीवर टांगलं आणि सगळं सोफ्याच्या लाकडी फ्रेमला खालून आवळलं. अँप्लिफायरमधून फक्त खालचे, जाड सूर त्याला द्यायचे. ढोल वाजला की वजन खालीवर होतं आणि माणूस गदगदा हलतो. सोफ्याच्या पायांना जाड रबर, म्हणजे हादरा जमिनीत पळून जात नाही. हे रबराचं गणित मला झोपेतही येतं.

घरच्या सोफ्यावर पद्मजाला बसवलं. हेलिकॉप्टरचा सीन लावला. तिच्या हातातला चहा बशीत सांडला. मला तर दातांपर्यंत जाणवलं. पंचवीस वर्षांत सिनेमा असा अंगात शिरला नव्हता. पद्मजा काहीतरी म्हणाली, मी हो, हो म्हटलं आणि आवाज वाढवला.

मधेच वरच्या मजल्यावरच्या सुनेत्राबाई दारात उभ्या. बराच वेळ बेल वाजवत होत्या म्हणे. बेल बिघडली असणार. दुसरी आणली पाहिजे. त्या पद्मजाशी कुजबुजत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. आमच्या घरात मी टीव्ही किती मोठा लावावा हे आता वरचा मजला ठरवणार.

१७ सप्टेंबर

नवी बेल लावली. तीही नकली. आजकाल एक वस्तू धड मिळत नाही.

मीनलने पुण्याहून पत्र पाठवलंय. पोरगी आधी दर रविवारी फोन करायची, हल्ली पत्र लिहिते. फोनची लाइनच इतकी खराब झालीये, ती तरी काय करणार. टेलिफोनवाल्यांकडे दोनदा तक्रार दिली. एक गाढव येऊन लाइन तपासून गेला आणि ठीक आहे म्हणाला.

२८ सप्टेंबर

पहिला सोफा शेटच्या हॉलमध्ये ठेवला. घरची सगळी जमली. शेटची आई, तिला सगळे अम्मा म्हणतात, ती पहिली बसली. पडद्यावर डोंगर कोसळला, म्हातारी दोन्ही हातांनी हँडल धरून खो खो हसली. मला वाटलं जिंकलो.

तेवढ्यात शेटने हात वर केला. खडखड येते म्हणाला. कसली खडखड? मी सोफ्यावर बसलो, खाली वाकलो, कान लावला. काही नाही. गुळगुळीत, जाड, पोटातून येणारा हादरा. किसन म्हणाला, साहेब, येते थोडी. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

मग माझ्या लक्षात आलं. मरून मखमलीचा नवाकोरा सोफा आणि त्यावर जाड प्लास्टिकचं कव्हर. दुकानातून आलं तसं. ह्यांच्या घरात सोफा दहा वर्षांचा होतो तरी प्लास्टिक निघत नाही. अहो, आमच्याकडे तरी काय वेगळं आहे, पद्मजाने टीव्हीच्या रिमोटलासुद्धा पिशवी घातलीय. खडखड असलीच तर ती ह्या प्लास्टिकची. काढा म्हटलं. अम्मा कव्हरवर अशी पसरून बसली की मी जणू तिची सून पळवून नेतोय. नाही म्हणजे नाही. मखमल मळेल म्हणे. लाखांचा हॉल बांधतात आणि प्लास्टिकवर बसून घाम गाळतात.

२ ऑक्टोबर

आज किसनवर भडकलो. दुसऱ्या सोफ्याचं यंत्र उघडलं तर लोखंडी वजनाच्या खाली आणि वर जाड लोकरी फेल्टचे तुकडे चिकटवलेले. मला न विचारता. का, तर म्हणे वजन जोरात उसळलं की फ्रेमच्या लाकडावर आपटतं, त्याचा आवाज येतो. कसला आवाज? मी चार वेळा चालवून बघितलं, हात लावून बघितलं. आवाज बिवाज काही नाही. उलट फेल्टमुळे हादऱ्याचा जीव गेला होता, ताकात पाणी घालावं तसा पुळकवणी झाला होता.

सगळे तुकडे उपटून फेकले. किसन म्हणाला, साहेब, एकदा फेल्टवर चालवून शेटला ऐकवू या. मी म्हणालो, बॅलन्सिंगचा फोरमन तू का मी? त्याने तुकडे गोळा करून खिशात घातले.

११ ऑक्टोबर, दसरा

सहाही सोफे तयार. हॉलमध्ये सोफ्यांना झेंडूचे हार घातले, अम्माने यंत्रांना कुंकू लावलं. अँप्लिफायरला, सोफ्यालाच काय, माझ्या पान्यालाही लावलं. आणि मग पुन्हा तेच. खडखड. पण माझा शब्द शब्द. प्लास्टिक काढल्याशिवाय मी ऐकून घेणार नाही म्हटलं. तासभर वाद. शेवटी शेटने आईचे पाय धरले आणि एकोणीस तारखेला सहाही कव्हरं काढायचं ठरलं. त्या दिवशी त्याचे व्यापारी मित्र येणार आहेत, त्यांच्यासमोर पास का नापास ते ठरेल.

म्हातारी आत जाऊन रडली म्हणे. प्लास्टिकसाठी रडणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. तरी थोडं वाईट वाटलं.

१५ ऑक्टोबर

कुकर लावून पद्मजा बाजारात गेली, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणाली. त्या कुकरने एक शिट्टी दिली असेल तर शपथ. डाळ जळून कोळसा. परत आल्यावर ती ओरडली नाही. नुसती कुकर घासत राहिली. हे जास्त वाईट.

१९ ऑक्टोबर

घरी येऊन तडक वही उघडली.

हॉलमध्ये वीसेक माणसं. कव्हरं काढली. अम्माने स्वतः काढली, घडी करून छातीशी धरून बसली. सिनेमा लावला, बाँब फुटले, व्यापारी लोक वा वा करायला लागले, मी उभ्या उभ्या मोठा झालो. आणि एक जाडा व्यापारी वाकून सोफ्याखाली बघायला लागला. दुसऱ्याने कानावर हात ठेवला. शेट म्हणाला, "साईं, प्लास्टिक तो गया, आवाज नहीं गया." वीस माणसं मान डोलावत होती.

वीस माणसं एकाच वेळी खोटं बोलतात? बोलतात. भाव पाडायचा असला की बोलतात. पण मग मी किसनकडे बघितलं. त्यानेही मान खाली घातलेली. म्हणजे त्यालाही ऐकू येत होती. माझं माझ्यापाशी गणित झालं. खडखड असेल, तर ती फिटरची. डिझाइन माझं आहे, ते मी हाताने तपासलंय. बोल्ट आवळायचं काम त्याचं.

मी सगळ्यांसमोर म्हणालो की ह्या माणसाने बोल्ट सैल ठेवले, हा कामचोर आहे. रागाच्या भरात आणखी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही.

किसनने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि गेला. पाना टाकला नाही, ठेवला. तोलारामने पिक्चर बंद केला. सोफे दिवाळीपर्यंत ठीक करा, नाही तर उचला, असं काहीतरी म्हणाला. नीट बोलायची पद्धतच नाही लोकांना.

२० ऑक्टोबर

कालचं डोक्यातून जात नाही. माझं काही चुकलं नाही. खात्यात मी मोठमोठ्या फिटरना झापलंय, त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. किसनला कंपनीत पर्मनंट मी केलं. त्याच्या लग्नाला पद्मजा आणि मी जेवून आलो, आमच्यातले किती जण गेले होते? ते वाक्य बोलायला नको होतं, एवढंच. पण बोलताना माणूस तोलून थोडाच बोलतो.

आज सहा यंत्रांचे सगळे बोल्ट स्वतः तपासायला गेलो. एकही सैल नव्हता. हे मी फक्त इथे लिहितो.

२३ ऑक्टोबर

हरामखोरी बघा. दुपारी तोलारामचा फोन आला, पद्मजाने घेतला, हल्ली तीच घेते. किसन मंगळवारी माझ्या माघारी हॉलमध्ये गेला. सहाही यंत्रं उघडली, काहीतरी केलं, आणि आता म्हणे सोफे पास. शेट खूश. त्याला दुकानासाठी किसन पाहिजे.

म्हणजे माझं डिझाइन, माझी दोन महिन्यांची अक्कल, आणि हा मधल्या मधे मालक. बारा वर्षं ज्याला शिकवलं त्यानेच पाठीत सुरा घातला. पद्मजा पुढेही काहीतरी सांगत होती, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. जेवलो नाही.

२५ ऑक्टोबर

पद्मजा सकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मला वाटलं पैशांचं काही. तिने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं, लहान पोराचं वळवतात तसं, आणि सावकाश म्हणाली, "अहो, ती खडखड मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतेय."

मी उसळलो. मग बोलली का नाहीस?

"बोलले. तीन वेळा. तुम्ही हो, हो म्हणालात आणि आवाज वाढवलात."

मी म्हटलं, खोटं. ती म्हणाली, बरं, भिंतीकडे तोंड करून उभे राहा, बेल वाजली की हात वर करा. मी म्हटलं ती बेल बिघडलेली आहे, दोन्ही बिघडलेल्या आहेत, पण राहिलो उभा. शाळेत अंगठे धरून उभं करायचे तसा. पाच मिनिटं झाली असतील. बघ, मेलेली आहे बेल, असं म्हणत वळलो तर दार सताड उघडं, सुनेत्राबाई बाहेर उभ्या आणि त्यांचं बोट बेलवर. बोट अजून दाबलेलंच होतं. त्या रडत होत्या. त्या का रडत होत्या देव जाणे, कान माझे गेलेत.

बेल चांगली आहे, फोन चांगला आहे आणि कुकरही. मला इतका राग आला की भिंतीवर मूठ मारली. कुणावर मारली ते मला अजून कळलेलं नाही. हात सुजलाय.

२६ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डोक्याला पट्टा लावून काचेच्या खोलीत बसवलं. नंतर कागदावर एक रेघ दाखवली, डावीकडे बरी आणि उजवीकडे घसरत जाऊन खड्ड्यात. खालचे जाड सूर मला अजून येतात, वरचे बारीक गेले. ब्लोअरच्या आवाजात चोवीस वर्षं कापूस न घालता उभं राहिलं की असंच होतं म्हणाला. हादरा मला छान कळायचा आणि लाकडावर लोखंड आपटायचं ते कळत नव्हतं. फेल्ट किसनने त्यासाठीच लावलं होतं. उपटलं मी.

आता खरं लिहायला बसलोच आहे तर कंपनीतलंही लिहितो. दर वर्षी कंपनीचा डॉक्टर कान तपासायचा. मागे उभा राहून हळू आवाजात आकडे म्हणायचा, आपण परत म्हणायचे. नापास झाला की माणसाची बदली स्टोअरमध्ये आणि फोरमनगिरी खलास. शेवटच्या सहा वर्षांत मला एकही आकडा आला नाही. किसन माझ्यासमोर रांगेत उभा राहून मांडीजवळ बोटं दाखवायचा. तीन, सात, नऊ. मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून सुरू केलं. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललोही नाही. मी मनात म्हणायचो की डॉक्टरच पुटपुट्या आहे.

रात्री पद्मजाने फोनचं पुढचं सांगितलं, जे मी त्या दिवशी ऐकलं नाही. शेटने किसनला दुकानाचं काम देऊ केलं तेव्हा तो नाही म्हणाला. यंत्र साहेबांचं आहे, माझ्या हाताला बोल लागला होता तेवढा पुसायला आलो, असं म्हणाला आणि निघून गेला. शेटचा निरोप असा की काम घ्यायचं तर दोघांनी मिळून घ्या, नाही तर राहू दे.

म्हणजे आता सगळं किसन परत येतो का ह्यावर आहे. कामासाठी आहे म्हणायला जीभ रेटत नाही. कामासाठी नाही.

२९ ऑक्टोबर

अंबरनाथला जाऊन आलो. बारा वर्षांत किसनच्या घरी मी त्याच्या लग्नानंतर आज पहिल्यांदा गेलो. पत्ता विचारत जावं लागलं. साहेब कुणाकडे, असं विचारत लोक घर दाखवायच्या आधी मला न्याहाळून घ्यायचे.

किसन दारात रिक्षा पुसत होता. त्याच्या बायकोने, अंजनाने खुर्ची आणली, पाणी आणलं, पण बसा म्हणाली नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. मी उभाच राहिलो. वाटेत घोकलं होतं ते बोलून टाकलं. बोल्ट सगळे आवळलेले होते, फेल्ट मी काढलं, खडखड माझी, मला ऐकू येत नाही, डॉक्टरांचा कागद खिशात आहे. मला वाटलं कागदाचं नाव काढलं की तो विरघळेल. इतक्या वर्षांचं माझं गुपित मी चारचौघांत सांगितलं, आता पुढे काय बोलायचं राहतं, असं मनात होतं. खरं म्हणजे मी माफी मागायला आलो नव्हतो, माफ करवून घ्यायला आलो होतो.

तो रिक्षाची काच पुसत राहिला. माझ्याकडे न बघता काहीतरी बोलला. मला कळलं नाही. हो, हो म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हणालो, "ऐकू आलं नाही. परत सांग."

त्याने परत सांगितलं. हळू. शेजारी नळावर बायका होत्या, पोरं होती, समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे. दोघांतली गोष्ट दोघांत राहावी म्हणून तो हळू बोलत होता. हे मला दिसत होतं, पण शब्द दिसत नव्हते. मी जवळ गेलो, डावा कान पुढे केला आणि पुन्हा म्हणालो, परत सांग. अंजना मधे काही म्हणाली, त्याने हाताने थांबवलं. तिसऱ्यांदा तो बोलला तेही गेलं. मी म्हणालो, किसन, मोठ्याने.

मग त्याने फडकं रिक्षाच्या टपावर आपटलं आणि ओरडला. किसनला ओरडताना मी ह्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"शेटच्या हॉलमध्ये तुम्ही म्हणालात, तुम्हा लोकांच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं. बोल्टाचं मी त्याच दिवशी सोडलं, साहेब. तुम्हा लोकांच्या म्हणजे कुणाच्या, तेवढं सांगा."

नळ बंद झाला. म्हातारे उठून उभे राहिले. एकोणीस तारखेला जे वाक्य मी लिहिलं नाही ते हेच, जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कान गेले म्हणून फेल्ट उपटलं, हे खरं. पण ते वाक्य काही मी कानाने बोललो नव्हतो. डॉक्टरचा कागद खिशात होता, तो बाहेर काढायची मला लाज वाटली.

किसन धापा टाकत होता. त्याने विचारलं, "आता ऐकू आलं?"

मी म्हणालो, आलं. तो तसाच उभा राहिला, उत्तराची वाट बघत, आणि सगळी वस्तीही उभी राहिली.